रॉ फाईल, कॉम्प्रेशन आणि एक्सपोजर: फोटोतलं काय राहतं, काय जातं आणि कधी जातं

लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये कार्डवरचे फोटो घेताना एक गोष्ट जवळपास प्रत्येकाने पाहिलेली असते. रॉ फोटोवर, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या फाईलवर, क्लिक केलं की आधी तो मस्त दिसतो, रंग भरलेले, आकाश निळंशार, आणि मग सेकंदाभरात एकदम फिका पडतो, काँट्रास्ट जातो, त्वचेचा रंग बदलतो. खूप जणांना वाटतं सॉफ्टवेअरने फोटो बिघडवला. पण आधी जो दिसला तो कॅमेऱ्याने स्वतः तयार केलेला जेपेग, म्हणजे नेहमीचा तयार फोटो, होता, रॉ फाईलच्या पोटात प्रीव्ह्यू म्हणून तो ठेवलेलाच असतो, आणि नंतर दिसला तो त्याच रॉ डेटावरून सॉफ्टवेअरने आपल्या हिशोबाने बनवलेला दुसरा फोटो. म्हणजे एकाच रॉ फाईलचे दोन फोटो तुम्ही लागोपाठ पाहिले, आणि दोन्ही तितकेच खरे.

इथूनच सुरुवात करू, कारण रॉ म्हणजे "जास्त चांगल्या क्वालिटीचा फोटो" ही समजूत फार पसरलीय आणि त्यातूनच "रॉमध्ये काढ रे, नंतर बघू" हा सल्ला येतो. तो सल्ला अर्धाच बरोबर आहे. व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंगांची जुळवणी), काँट्रास्ट, शार्पनिंग, रंगांचा ढंग हे सगळं रॉमध्ये खरंच नंतर बघता येतं. एक्सपोजर मात्र नंतर बघता येत नाही. कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या सेन्सरवर किती उजेड पडला हे बटण दाबलं त्या क्षणी ठरून गेलेलं असतं, सॉफ्टवेअरमधल्या ज्या स्लायडरला एक्सपोजर असं नाव दिलंय तो नुसता आकडे गुणतो, एक कणही नवा उजेड आणत नाही. मला वाटतं हे एवढं नीट डोक्यात बसलं की रॉ, कॉम्प्रेशन, हिस्टोग्राम, आयएसओ या वेगवेगळ्या वाटणाऱ्या गोष्टी एकाच धाग्यात येतात.

समजायला सोपं जावं म्हणून एकच फ्रेम घेऊन शेवटपर्यंत जाऊ. जेजुरी, सोमवती अमावस्या, दुपारचं कडक ऊन. खंडोबाच्या गडावर भंडारा उधळला जातोय, सगळी हवा पिवळी झालीय, मागे काळ्या दगडाच्या दीपमाळा आणि पायऱ्या, समोर पांढरं धोतर आणि टोपी घातलेली माणसं, वर फिकट निळं आकाश. ही फ्रेम कॅमेऱ्याची पूर्ण परीक्षा घेते, कारण अगदी काळं, अगदी पांढरं आणि अगदी गडद रंगाचं असं सगळं एकाच वेळी समोर असतं.

आता सेन्सरवर काय होतं ते बघू. सेन्सरवर लाखो बारीक खाणी, म्हणजे उजेड जमवणारे कप्पे, असतात, २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा म्हणजे ६००० गुणिले ४००० असे २ कोटी ४० लाख. पावसात पागोळ्यांखाली भांडी मांडून ठेवावीत तसं यांचं काम, शटर उघडं आहे तोवर प्रत्येक खाण्यात उजेड जमा होत जातो आणि शटर बंद झालं की कुठल्या भांड्यात किती साठलं ते मोजायचं. भांडं काठोकाठ भरलं की वरचं सगळं वाया, मग पाऊस दुप्पट पडो की दसपट, मोजमाप तेवढंच येणार. फोटोग्राफर लोक "हायलाइट (सगळ्यात उजळ भाग) जळाले", "आकाश उडालं" म्हणतात ते हेच.

आणि ही खाणी रंगआंधळी असतात बरं का. त्यांना फक्त उजेड कमी की जास्त एवढंच कळतं. रंग कळावा म्हणून प्रत्येक खाण्यावर लाल, हिरवं किंवा निळं यापैकी एका रंगाचं फिल्टर बसवलेलं असतं. ही मांडणी कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांची, तिचं पेटंट १९७६ साली मिळालं आणि आज बहुतेक कॅमेरे आणि मोबाईल तीच मांडणी किंवा तिचाच एखादा सुधारित प्रकार वापरतात. त्यात निम्मी खाणी हिरवी, पाव लाल आणि पाव निळी, कारण बारकावे ओळखायला आपला डोळा हिरव्याच्या आसपासच्या उजेडावर जास्त अवलंबून असतो. म्हणजे आपल्या २४ मेगापिक्सेलच्या फ्रेममध्ये १ कोटी २० लाख हिरवी आणि ६०-६० लाख लाल-निळी मोजमापं झाली. पण तयार फोटोत तर प्रत्येक पिक्सेलला तिन्ही रंग लागतात, म्हणजे ७ कोटी २० लाख आकडे. मोजलेले त्यातले एक तृतीयांश, उरलेले दोन तृतीयांश आजूबाजूच्या खाण्यांवरून अंदाजाने भरलेले. या अंदाज बांधण्याला डीमोझेकिंग म्हणतात.

रॉ फाईल म्हणजे हे अंदाज बांधण्याच्या आधीचे, मोजलेले आकडे. प्रत्येक खाण्याचा एक आकडा, सोबत कॅमेरा, लेन्स, शटर स्पीड वगैरेची नोंद, आणि व्हाइट बॅलन्स काय होता त्याची एक चिठ्ठी. चिठ्ठीच, कारण व्हाइट बॅलन्स रॉ डेटाला हातही लावत नाही, लाल आणि निळे आकडे नंतर कितीने गुणायचे एवढंच तिच्यात लिहिलेलं असतं. म्हणून ट्यूबलाइटच्या सेटिंगवर चुकून उन्हातले फोटो निघाले तरी रॉमध्ये एका क्लिकमध्ये दुरुस्त होतात आणि काहीही नुकसान होत नाही. निकॉनची एनईएफ, कॅननची सीआर३, सोनीची एआरडब्ल्यू, फुजीची आरएएफ ही सगळी याच गोष्टीची वेगवेगळी पाकिटं. अ‍ॅडोबीने २००४ साली डीएनजी नावाचं सगळ्यांसाठी एक पाकीट काढलं, काही कंपन्यांनी घेतलं, मोठ्या कंपन्या मात्र आपापल्या पाकिटावरच राहिल्या.

आता आकड्यांची गंमत बघा. १४ बिटच्या रॉमध्ये प्रत्येक आकडा ० ते १६,३८३ यामधला असतो, म्हणजे १६,३८४ पायऱ्या. सेन्सर सरळ हिशोबाने मोजतो, उजेड दुप्पट तर आकडा दुप्पट. फोटोग्राफीत उजेड दुप्पट किंवा निम्मा होणं म्हणजे एक स्टॉप. मग सगळ्यात वरच्या, सगळ्यात उजळ स्टॉपमध्ये एकट्यातच ८,१९२ पायऱ्या येतात, त्याच्या खालच्यात ४,०९६, मग २,०४८, असं निम्मं निम्मं होत दहाव्या स्टॉपला, म्हणजे दीपमाळेच्या सावलीतल्या खाचांपर्यंत पोचेपर्यंत, फक्त १६ पायऱ्या उरतात. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला ८ बिट, म्हणजे सगळ्या मिळून २५६ पायऱ्या, फक्त त्या डोळ्याला बऱ्या वाटतील अशा वाकवून वाटलेल्या असतात, सावल्यांना थोड्या जास्त आणि उजळ भागाला कमी.

यावरून बरेच जण सांगतात की फोटो शक्य तितका उजळ घ्या कारण वरच्या स्टॉपमध्ये पायऱ्या जास्त आहेत. सल्ला बरोबर आहे पण कारण चुकीचं आहे, आणि कारण समजून घेण्यासारखं आहे. उजेड थेंबाथेंबाने येतो, फोटॉनच्या रूपात, आणि तो कधीच एकसारखा येत नाही. दोन शेजारच्या खाण्यांवर अगदी सारखा उजेड पडायला हवा असला तरी एकात थोडे जास्त येतात, दुसऱ्यात थोडे कमी. हा फरक साधारण जमलेल्या फोटॉनच्या संख्येच्या वर्गमुळाएवढा असतो. १०,००० फोटॉन जमले तर इकडे-तिकडे १००, म्हणजे १ टक्का, डोळ्याला दिसतही नाही. १०० फोटॉन जमले तर इकडे-तिकडे १०, म्हणजे १० टक्के, आणि हीच ती सावलीतली वाळूसारखी चरचर जिला आपण नॉइज म्हणतो. म्हणजे नॉइजचा बराचसा भाग कॅमेऱ्याचा दोष नसून उजेडाचाच स्वभाव आहे. बाकी थोडा इलेक्ट्रॉनिक्सचा असतो आणि तो अगदी गडद भागात जाणवतो. जास्त उजेड जमवला की नॉइज कमी दिसतो, खरं कारण एवढंच.

मग एक्सपोजर चांगलं म्हणजे काय? भांडी शक्य तितकी भरलेली, पण महत्त्वाचं एकही भांडं सांडलेलं नाही. रॉ काढणाऱ्यासाठी व्याख्या एवढी सोपी आहे. प्रत्यक्षात ती जमवायची कशी ते मात्र जरा सावकाश बघू, कारण कॅमेरा इथे दोन-तीन ठिकाणी दिशाभूल करतो.

पहिली दिशाभूल उजेड मोजणाऱ्या मीटरची. कॅमेऱ्याचा मीटर समोर काय आहे ते जाणत नाही, समोरची सरासरी मध्यम करड्याच्या आसपास यावी एवढंच तो बघतो. पांढऱ्या धोतर-टोप्यांनी फ्रेम भरली तर त्याला वाटतं फार उजेड आहे, आणि तो पांढरं करडं करून ठेवतो. उलट काळी दीपमाळ मोठी घेतली तर त्याला वाटतं अंधार आहे, मग तो काळं करडं करायला जातो आणि त्या नादात आकाश आणि भंडारा दोन्ही जाळून टाकतो. नवे मीटर हुशार झालेत, चेहरे ओळखतात, पण मूळ अडचण तीच आहे. म्हणून पांढऱ्यासाठी एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (मीटरने ठरवलेलं एक्सपोजर आपण हाताने कमी-जास्त करणं) अधिक एक आणि काळ्यासाठी उणे एक ही जुनी सवय अजूनही कामाची आहे. पावसाळ्यात सह्याद्रीत धुकं आणि धबधबे काढणाऱ्यांना हे चांगलं माहीत असतं, कॉम्पेन्सेशन न देता काढलेलं धुकं कायम मळकट येतं.

कडक उन्हात तर मीटरशिवायही काम होतं. फिल्मच्या काळापासूनचा सनी सिक्स्टीनचा नियम असा, की स्वच्छ उन्हात अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं तोंड, एफ १६ ला असताना (एफचा आकडा लहान तितकं तोंड मोठं) शटर स्पीड साधारण आयएसओएवढाच ठेवायचा, आयएसओ १०० तर सेकंदाचा १/१००. अ‍ॅपर्चर एकेक स्टॉप उघडत गेलो की शटर तितकाच वेगवान करायचा, एफ ८ ला १/४००, एफ ५.६ ला १/८००, एफ ४ ला १/१६००. भंडाऱ्याचे कण हवेत थिजवायचे असतील तर १/१६०० बरा, मग एफ ४ आणि आयएसओ १०० ने काम होतं. कुणी म्हणेल मागच्या दीपमाळाही शार्प हव्यात म्हणून एफ ८ ठेवतो आणि आयएसओ ४०० करतो. चालेल, पण सेन्सरवर आता चौपट कमी उजेड पडला हे लक्षात असू द्या. स्क्रीनवर दोन्ही फोटो सारखेच उजळ दिसतील, पण दुसऱ्यात सिग्नलच्या मानाने नॉइज दुप्पट असेल.

आयएसओबद्दलचा गोंधळ इथेच सुटतो. आयएसओ वाढवल्याने सेन्सर जास्त उजेड पकडत नाही, जमलेला सिग्नल फक्त मोठा केला जातो. "आयएसओ वाढवला म्हणून नॉइज आला" हे सगळे म्हणतात, पण बहुतेक वेळा उजेड कमी होता म्हणून आयएसओ वाढवावा लागला, आणि उजेड कमी होता म्हणूनच नॉइज आला. आजच्या बऱ्याच सेन्सरमध्ये आयएसओ कमी ठेवून नंतर सॉफ्टवेअरमध्ये फोटो उजळवला तरी जवळपास तोच निकाल मिळतो, आणि आयएसओ जितका वाढवाल तितकी हायलाइटची वरची जागा कमी होते. अशा सेन्सरवर रात्री पालखीचे फोटो काढताना मशालीच्या ज्वाळा वाचवायच्या असतील तर आयएसओ गरजेपेक्षा जास्त चढवू नका, चेहरे नंतर उचलता येतील, ज्वाळा येणार नाहीत.

दुसरी दिशाभूल हिस्टोग्रामची, म्हणजे फोटोत गडद-उजळ भाग किती आहेत ते दाखवणाऱ्या आलेखाची, आणि भंडाऱ्याच्या बाबतीत ही फारच नडते. कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवरचा हिस्टोग्राम आणि जळालेल्या भागाची लुकलुक सहसा रॉवरून काढलेली नसते, त्या पोटातल्या जेपेगवरून काढलेली असते. म्हणजे त्यात व्हाइट बॅलन्सचा गुणाकार, काँट्रास्ट, व्हिव्हिड वगैरे जे काही लावलंय ते सगळं मिसळलेलं असतं. उन्हातल्या व्हाइट बॅलन्सला लाल आकडे बऱ्याच कॅमेऱ्यांत जवळपास दुपटीने गुणावे लागतात, आणि हळदीचा पिवळा म्हणजे भरपूर लाल, बऱ्यापैकी हिरवा आणि निळा जवळजवळ नाहीच. त्यामुळे जेपेगमध्ये लाल चॅनल, म्हणजे लाल रंगाचे आकडे, वर २५५ ला जाऊन आदळतो, निळा खाली शून्याला टेकतो, आणि भंडाऱ्याच्या ढगातला सगळा पोत नाहीसा होतो, पिवळा रंग सपाट ओतल्यासारखा दिसतो. ब्राइटनेसचा एकच आलेख दाखवणारा हिस्टोग्राम असेल तर हे कळतही नाही, तो अगदी ठीक दिसतो. म्हणून तिन्ही रंगांचे वेगळे आलेख दाखवणारा हिस्टोग्राम सुरू करा. झेंडूची फुलं, गुलाल, लाल पैठणी, सगळीकडे हेच होतं.

मग रॉमध्ये तो लाल शिल्लक असतो का? पुष्कळदा असतो, कारण गुणाकाराच्या आधी तो भांड्याच्या काठापर्यंत पोचलेलाच नव्हता. साधारण अर्धा ते एक स्टॉप जास्तीची जागा रॉमध्ये मिळते, कॅमेऱ्यानुसार कमी-जास्त. कॅमेऱ्यात न्यूट्रल किंवा फ्लॅट पिक्चर प्रोफाइल ठेवलं तर हिस्टोग्राम रॉच्या थोडा जवळ येतो, रॉ डेटावर त्याचा काही परिणाम होत नाही, स्क्रीनवर फोटो मात्र मरगळलेला दिसतो, त्याची सवय करावी लागते. आणि एकच चॅनल गेला असेल तर सॉफ्टवेअर बाकीच्या दोघांवरून अंदाजाने तो भरून काढायचा प्रयत्न करतं, कधी जमतं, कधी तिथे करडा डाग येतो. तिन्ही गेले तर काहीच करता येत नाही. सावल्यांचं तसं नाही, त्या नॉइजसकट का होईना पण उचलता येतात. त्यामुळे ऊन कडक असेल आणि खात्री नसेल तर मी कायम हायलाइट वाचवायच्या बाजूने असतो, दीपमाळ थोडी काळी गेली तरी चालेल, भंडारा राहिला पाहिजे.

आता कॉम्प्रेशनकडे, म्हणजे फाईल दाबून लहान करण्याकडे, येऊ. आपली २४ मेगापिक्सेलची १४ बिट फ्रेम कुठलंही कॉम्प्रेशन न करता साठवली तर हिशोब सोपा आहे, २ कोटी ४० लाख गुणिले १४ बिट, म्हणजे जवळपास ४२ एमबी. म्हणून कॅमेरे तीन पर्याय देतात, अनकॉम्प्रेस्ड, लॉसलेस (काहीही न गमावता लहान केलेली) आणि लॉसी (थोडं गमावून लहान केलेली).

लॉसलेसला घाबरायचं काही कारण नाही. शेजारशेजारची एकाच रंगाची खाणी बहुतेक वेळा जवळजवळ सारखाच आकडा दाखवतात, म्हणून पूर्ण आकडा लिहिण्याऐवजी आधीच्यापेक्षा किती फरक आहे तेवढंच लिहायचं, आणि जे फरक वारंवार येतात त्यांना छोटे कोड द्यायचे. उघडताना अगदी प्रत्येक आकडा जसाच्या तसा परत मिळतो. निकॉनमध्ये याने फाईल साधारण २० ते ४० टक्के लहान होते. एक निरीक्षण तुम्हीही करून बघा, रात्री जास्त आयएसओला काढलेल्या लॉसलेस रॉ फाईल दिवसाच्या फायलींपेक्षा मोठ्या असतात. कारण नॉइजमुळे शेजारची खाणी एकमेकांशी जुळत नाहीत, आणि ज्याचा अंदाज बांधता येत नाही ते लहान करून लिहिता येत नाही.

लॉसी रॉचं नाव काढलं की लोक दचकतात, पण त्यातली एक कल्पना खरोखर शहाणपणाची आहे आणि ती मघाच्या वर्गमुळाशी जोडलेली आहे. उजळ भागात १०,००० फोटॉन जमले असतील आणि नॉइजच इकडे-तिकडे १०० असेल तर १०,००१ आणि १०,००२ यात फरक करण्यात काय अर्थ आहे? म्हणून वरच्या भागातल्या पायऱ्या मोठ्या करायच्या आणि खालच्या भागातल्या बारीक ठेवायच्या. निकॉनची लॉसी रॉ हेच करते आणि बहुतेक फोटोंत डोळ्याला काहीही कळत नाही. वरच्या स्टॉपमध्ये ८,१९२ पायऱ्या आहेत म्हणून उजळ काढा हे कारण चूक का, तेही यातून दिसतं, त्यातल्या बहुतेक पायऱ्या नॉइजच मोजत असतात.

सोनीने मात्र याच्या पुढे जाऊन आणखी एक काटछाट केली आणि त्यावर बरीच ओरड झाली. त्यांच्या जुन्या कॉम्प्रेस्ड रॉमध्ये एकाच रंगाच्या १६ खाण्यांचा गट घ्यायचे, त्यातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात छोटा आकडा ११-११ बिटमध्ये लिहायचे, ते दोन कुठे आहेत त्यासाठी ४-४ बिट, आणि उरलेल्या १४ खाण्यांना प्रत्येकी फक्त ७ बिट. बेरीज करा, बरोबर १२८ बिट होतात, म्हणजे एका खाण्याला ८ बिट. गटातली खाणी एकमेकांसारखी असतील तर हे छान चालतं. पण एकाच गटात काळं आकाश आणि झगझगीत ताऱ्याची रेघ आली की ७ बिटमध्ये एवढा मोठा फरक मावत नाही, मग रेघेच्या कडेला विचित्र ठिपके-भेगा दिसायला लागतात, विशेषतः सावल्या उचलल्या की. रात्रीच्या आकाशाचे लांब एक्सपोजर काढणाऱ्यांनी हे दाखवून दिलं, आणि २०१५ मध्ये सोनीने ए७एस २ आणि ए७आर २ या कॅमेऱ्यांना १४ बिट अनकॉम्प्रेस्ड रॉ दिली. लॉसलेस यायला अल्फा १ कॅमेरा, म्हणजे २०२१ उजाडलं. मला यात महत्त्वाचं हे वाटतं की वापरणाऱ्यांनी नुसती तक्रार केली नाही, आकडे उलगडून दाखवले.

जेपेग मात्र वेगळ्याच जातीचं काम करतं. १९९२ चं हे स्टँडर्ड आजही चालू आहे, आणि त्याच्या गाभ्यातलं गणित, डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, नासिर अहमद यांचं आहे, बंगळुरूचे, पुढे अमेरिकेत कॅन्ससला शिकवायला गेलेले. १९७२ साली त्यांनी यावर काम करायला तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे पैसे मागितले होते, ते मिळाले नाहीत, तरी त्यांनी काम चालू ठेवलं आणि १९७४ मध्ये टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत पेपर छापला. आज आपण मोबाईलवर जो कुठला फोटो-व्हिडिओ बघतो त्यातल्या बहुतेकांमागे हेच गणित किंवा त्याची सुधारलेली रूपं आहेत. हे नाव आपल्याकडे शाळेत का शिकवत नाहीत हा प्रश्न मला खरंच पडतो.

आपल्या भंडाऱ्याच्या फ्रेमचं जेपेग होताना आधी डीमोझेकिंग, व्हाइट बॅलन्स, काँट्रास्ट वगैरे होऊन १४ बिटचे ८ बिट होतात, आणि काठाबाहेरचं जे असेल ते तिथेच कापलं जातं. मग उजेड आणि रंग वेगळे केले जातात. डोळा उजेडातले बारकावे फार नीट बघतो पण रंगातले तितके नाही, म्हणून बऱ्याच जेपेगमध्ये दोन बाय दोनच्या चार पिक्सेलना मिळून रंगाची एकच जोडी ठेवतात. बारा आकड्यांचे सहा झाले, निम्मी माहिती गेली, आणि बहुतेक फोटोंत पत्ताही लागत नाही. मात्र पांढऱ्या धोतरावर पडलेले भंडाऱ्याचे बारीक पिवळे ठिपके मोठे करून बघा, पिवळा रंग ठिपक्याच्या बाहेर जरासा पसरलेला दिसेल, ते यामुळे.

पुढे फोटोचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडतात. प्रत्येक चौकोनातले ६४ आकडे अहमदांच्या गणितातून गेले की वेगळे ६४ आकडे मिळतात, पहिला चौकोनाची सरासरी सांगतो, पुढचे सावकाश बदलणाऱ्या छटा, आणि शेवटचे अगदी बारीक जलद बदल. मग हे आकडे ठरावीक संख्येने भागून पूर्णांकात आणतात, बारीक बदलांना मोठ्या संख्येने भागतात आणि त्यातले बहुतेक शून्य होऊन जातात. माहिती कायमची जाते ती इथे. उरलेली शून्यांची रांग थोडक्यात लिहून टाकली की फाईल लहान. क्वालिटी ९० की ७० हा स्लायडर म्हणजे कितीने भागायचं तेवढंच, तो टक्का वगैरे काही नसतो, आणि एका सॉफ्टवेअरचा ९० दुसऱ्याच्या ९० सारखा असेलच असंही नाही.

यावरून कुठला फोटो जेपेगला सोपा आणि कुठला अवघड तेही कळतं. मोकळं आकाश सोपं, पण फार दाबलं की तिथेच चौकोन आणि छटांचे पट्टे आधी दिसतात, कारण लपायला काही पोत नसतो. भंडाऱ्याचा ढग अवघड, सगळीकडे बारीक बदल, फाईल मोठी होते नाहीतर पोत चिकट होतो. आणि जेपेग नुसतं उघडून बघितल्याने किंवा कॉपी केल्याने काहीच कमी होत नाही. बदल करून पुन्हा सेव्ह केलं की ही भागाकाराची फेरी पुन्हा होते, आणि क्रॉप केल्यामुळे चौकोन सरकले असतील तर जास्त नुकसान होतं.

म्हणजे जेपेग वाईट का? अजिबात नाही. उजेड आटोक्यातला असेल, एक्सपोजर बरोबर असेल, फोटो लगेच पाठवायचे असतील तर जेपेग पुरेसा आहे. २०१५ मध्ये तर रॉयटर्स या वृत्तसंस्थेने आपल्या फ्रीलान्स फोटोग्राफरना सांगितलं की रॉवर प्रोसेस केलेले फोटो पाठवू नका, कॅमेऱ्यात जेपेग म्हणून काढलेलेच पाठवा, वेगही हवा आणि फोटोशी फार खेळ झालेला नको म्हणून. दुसरीकडे वर्ल्ड प्रेस फोटोसारखी स्पर्धा शेवटच्या फेऱ्यांत मूळ फायली, रॉ असेल तर रॉ, तपासायला मागते. दोघांनाही फोटो खरा आहे याचीच खात्री हवी आहे, आणि दोघांचे मार्ग उलटे आहेत. लग्नाचे, जत्रेचे, पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांना माझं सांगणं असतं की रॉ अधिक जेपेग ठेवा, कार्डं आता तेवढी महाग राहिली नाहीत.

मोबाईलवाल्यांसाठी थोडं वेगळं सांगावं लागेल. मोबाईलमध्ये साधी रॉ काढून बघितली तर ती मोबाईलच्याच जेपेगपेक्षा वाईट दिसते, नॉइज जास्त, आकाश उडालेलं, आणि लोक म्हणतात मग रॉचा उपयोग काय. कारण असं आहे की मोबाईलचा नेहमीचा फोटो एका फ्रेमचा नसतोच. गूगलने २०१६ साली आपली एचडीआर प्लस पद्धत पेपर लिहून उघड केली, त्यात मुद्दाम कमी एक्सपोजरच्या बऱ्याच फ्रेम लागोपाठ घेऊन, एकमेकींवर नीट बसवून त्यांची सरासरी काढतात. कमी एक्सपोजरमुळे हायलाइट वाचतात आणि बेरजेमुळे नॉइज उतरतो, म्हणजे वर सांगितलेलाच हिशोब, फक्त उजेड एका दमात न जमवता तुकड्यातुकड्यांनी जमवलेला. साधी रॉ मात्र एकाच फ्रेमची असते. अ‍ॅपलची २०२० ची प्रोरॉ हा मधला मार्ग आहे, फ्रेम जोडून आणि डीमोझेकिंग करून झालेला डेटा १२ बिटमध्ये डीएनजीच्या पाकिटात मिळतो. ती शुद्ध रॉ नाही, पण कामाला फार चांगली आहे.

आणि एवढं सगळं सांभाळून फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा टाकला की तो लहान होऊन पुन्हा एकदा दाबला जातो. छापायला, एन्लार्जमेंटला किंवा स्पर्धेला कुणाला पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मग फाईल आहे तशी जाते.

जुन्या रॉ फायली डिलीट करू नका ही माझी आग्रहाची विनंती आहे. डीमोझेकिंग हा अंदाज आहे हे वर बघितलं, आणि अंदाज बांधण्याच्या पद्धती दरवर्षी सुधारतायत. अ‍ॅडोबीने एप्रिल २०२३ मध्ये लाइटरूममध्ये एआय डीनॉइज आणलं तेव्हा ते फक्त रॉ फायलींवर चालत होतं, कारण अंदाज बांधण्याच्या आधीचे आकडे तिथेच मिळतात. डार्कटेबल आणि रॉथेरपी ही फुकट सॉफ्टवेअरसुद्धा आधीपेक्षा खूप पुढे गेलीत. दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या जत्रेची एखादी रॉ काढून नव्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून बघा, त्या वेळी जमलेले फोटॉन तेवढेच आहेत, पण सावलीतले चेहरे तेव्हापेक्षा कितीतरी स्वच्छ निघतात.